ठोकळ्यांची खोटी वही

मी वनविभागाच्या लाकूड डेपोत कारकून होतो. नोकरीभर लाकडाच्या मापात अर्धा इंच इकडचा तिकडे लिहिला नाही. सगळं खोटं निवृत्तीनंतर लिहिलं, तेही एकाच वहीत. आता पंचाहत्तरी उलटली, तेव्हा ती दुरुस्त करतो.

माझी नात आठ वर्षांची होती. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली होती, त्यामुळे डावा हात आखडलेला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एमआरआयच्या यंत्रात झोपवून डावी मूठ उघडझाप करायला लावली. हात हलतो तेव्हा मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, ते चित्रात दिसतं म्हणे. बाहेर येऊन नात म्हणाली, "आबाजी, आतमधी कोणी टिनं ठोकून राह्यलं होतं." चित्रात जेमतेम एक ठिपका होता.

डॉक्टरीणबाईंनी उपाय दिला. चांगल्या उजव्या हाताला रोज दोन तास कापडी पिशवी बांधायची, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. त्यानं लाकडी ठोकळे वाटीत टाकायचे. रोजची नोंद मी वहीत ठेवायची. दोन महिन्यांनी पुन्हा चित्र.

चौथ्या दिवशी नातीनं पिशवीची गाठ दातांनी सोडली, ठोकळे चुलीत घातले आणि म्हणाली, "आता तुमीच खेळा."

तेवढ्यात मोहाची फुलं गळायला लागली. आमची म्हातारी तिला रोज सकाळी आपल्या भावाच्या बांधावर न्यायला लागली.

"अन् वहीचं काय?" मी विचारलं.

"वहीले मोह वेचता येते का?" ती म्हणाली आणि टोपली उचलून निघाली.

मोहाच्या फुलांवर माणसाच्या आधी शेळ्यांचा हक्क असतो. शेळ्या हाकलायची काठी नातीनं उजव्या हातात धरली, ती कोणाला देईना. मग वेचायला उरला डावा हात. पहिल्या दिवशी तिनं नऊ फुलं वेचली. बाकीची शेळ्यांनी वेचली. महिन्याभरात मात्र शेळ्या उपाशी परतायला लागल्या.

मी घरी बसून लिहीत होतो, 'दोन तास. ठोकळे.' रोज, सुवाच्य अक्षरात. तिला ताप होता त्या दिवशीही. खरं वाटावं म्हणून मधूनच पेन बदलत होतो.

दुसऱ्या चित्रात ठिपक्याच्या जागी चांगला मोठा डाग उमटला. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "एक दिवस चुकला नाही? ही मी बाकीच्या आईबापांना दाखवणार."

नातीनं तोंड उघडलं. मी झटकन तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. तो तिनं दोन्ही हातांनी फोडला, त्यामुळे डॉक्टरीणबाई आणखीच खूश झाल्या.

वर्षानं तपासणीला गेलो. बाकावर शेजारी गोंडपिपरीकडची एक आई होती. मांडीवर हाताला पिशवी बांधलेली पाचेक वर्षांची पोर, रडून लाल. आईच्या हातात झेरॉक्सचे कागद होते. अक्षर माझं.

"ही पोरगी एक दिवस चुकली नाई, भाऊ," ती म्हणाली. "माही तर पिशवी पाह्यली का रडते. मीच कुठीतरी कमी पडून राह्यली."

मी खिशात हात घातला. नात माझ्याकडेच बघत होती. "मले बिस्किट नाई पाहिजे," ती म्हणाली.

तेव्हा सांगितलं. "बाई, ती पोरगी हीच. आणि वही खोटी. ठोकळे चौथ्या दिवशी चुलीत गेले."

"मंग लिहिलं काऊन?"

मी उठून आत गेलो आणि डॉक्टरीणबाईंना ठोकळ्यांपासून मोहापर्यंत सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाई मला बरंच बोलल्या. "त्या वहीच्या जोरावर मी वर्षभर आयांना रागावले!" मग नातीला काठी कशी धरायची ते करून दाखवायला लावलं आणि थोडं हसल्या. पिशवीचं काम काठीनं केलं होतं, आणि मुलीला हवं असलेलं काम मोहानं दिलं होतं. त्यांनी कोरा कागद पुढं केला. खरं लिहिताना माझं अक्षर पहिल्यांदा वाकडं आलं.

बाहेर नातीनं शेळ्यांची गोष्ट सांगितल्यावर ती आई विचारत होती, "आमच्या घरी शेळ्या नाई वं. कोंबड्या आहेत. चालते का?"

"चालते," नात गंभीरपणे म्हणाली. "पण तिले काठी सोडू देऊ नको."

त्या वहीच्या प्रती आणखी किती घरांत गेल्या, मला माहीत नाही. तुमच्याकडे असेल तर ती चुलीत घाला. पोर रडत असेल, तर चूक तुमची नाही, माझी आहे.