भोंग्याला ब्लॉक नाही

चन्नप्पाच्या रिक्षावर दोन भोंगे होते, एकाचं तोंड पुढं आणि एकाचं मागं. तीस वर्षांत त्यानं साड्यांचे सेल पुकारले, हरवलेल्या म्हशी पुकारल्या, आणि नळाला पाणी उद्या नाही, परवा येईल, हे तर इतक्या वेळा पुकारलं, की झोपेतही तो तेच बडबडतो, असं त्याची बायको शांतम्मा सांगायची. माणूस मूळचा अक्कलकोटकडचा. घरात कानडी, दारात सोलापुरी, पण माइक हातात आला की मराठी अशी शुद्ध निघायची, की आत एखादा मास्तर बसलाय असं वाटावं. इतर पुकारेवाले आवाज पेनड्राइव्हमध्ये भरून फिरवत. चन्नप्पाला ते पटत नसे. "म्हस आज हरवली आन् आवाज गेल्या वर्षीचा, बरं दिसतं व्हय?" असं तो विचारायचा.

अलीकडं मात्र साड्यांचे सेल लोकांच्या स्टेटसवर गेले होते, आणि म्हशीसुद्धा ग्रुपवर सापडू लागल्या होत्या. त्यामुळं एका सकाळी भवानी पेठेतल्या त्याच्या घरासमोर कॉलेजची एक मुलगी येऊन उभी राहिली, तेव्हा तो रिकामाच भोंगा पुसत बसला होता.

मुलीचं नाव पायल. मागच्याच गल्लीत राहणारी. तिची जिवाभावाची मैत्रीण सुकन्या साखर पेठेत राहायची. सुकन्याच्या वाढदिवसाला पायलनं तिचा फोटो काढून ऑनलाइन टाकला होता. फोटोत सुकन्याच्या तोंडात अर्धी शेंगापोळी होती, अर्धी बाहेर, आणि डोळे मिटलेले. चौदाशे जणांनी तो पाहिला. सुकन्यानं पायलला ब्लॉक केलं.

"ब्लॉक म्हंजे?"

"म्हणजे माझा फोन लागत नाही, मेसेज जात नाही, फोटो दिसत नाहीत. सगळीकडनं बंद."

"मग घरी जा की. साखर पेठ काय पुण्याला हाय?"

पायलनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं तिला विहिरीत उडी टाकायला सांगितलं होतं. "असं डायरेक्ट कसं जायचं काका? जायच्या आधी मेसेज टाकून विचारावं लागतं. आणि मेसेज तर जात नाही."

चन्नप्पानं यावर बराच विचार केला. पोरीच्या बोलण्यात कुठंतरी खोट होती, पण ती नेमकी कुठं, ते सापडेना.

"तुमचा भोंगा तिला ब्लॉक करता येत नाही," पायल म्हणाली. "म्हणून आले."

हे मात्र त्याच्या काळजाला भिडलं. असं कौतुक गेल्या कित्येक वर्षांत कुणी केलं नव्हतं. त्यानं मजकूर मागितला. पायलनं फोन पुढं केला. त्यात 'सॉरी' होतं आणि पुढं अकरा लाल बदाम, दोन रडकी तोंडं आणि एक मांजर.

"ह्ये बदाम भोंग्यावर कसं वाचू? बदामाचं काय ते शब्दांत सांग."

पायल पायरीवर बसली. डोकं खाजवलं, नखं खाल्ली. शांतम्मानं दिलेला चहा गार झाला. शेवटी ती हळूच म्हणाली, "ती नसली की कँटीनमध्ये कुठं बसायचं, ते कळत नाही मला."

"ह्ये झ्याक हाय," चन्नप्पा म्हणाला, आणि वही काढून बाकीचा मजकूर त्यानं स्वतःच्या हिमतीवर रचला.

अकरा वाजता साखर पेठेत भोंगा घुमला. "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, बीएस्सी द्वितीय वर्षाच्या कुमारी सुकन्या यांचा, तोंडात शेंगापोळी असतानाचा व डोळे मिटलेला फोटो कुमारी पायल यांच्याकडून प्रसिद्ध झाला असून, त्याबद्दल कुमारी पायल दिलगीर आहेत. सुकन्या नसल्यास कँटीनमध्ये कुठे बसावे, हे त्यांना कळत नाही. तरी कृपया नोंद घ्यावी."

नोंद लगेच घेतली गेली. गोजाबाई नावाच्या म्हातारीनं भाजीची पाटी खाली ठेवून विचारलं, "कुटला फोटू? दावा की." घरातले यंत्रमाग बंद करून दोघं-तिघं बाहेर आले. ज्यांनी फोटो पाहिला नव्हता ते पाहिलेल्यांना शोधू लागले, आणि चौदाशेचा आकडा फुगायला लागला. तेवढ्यात एका दारातून सुकन्या आली. पायात एकच चप्पल.

"काका, कुणी सांगितलं होतं शेंगापोळीचं नाव घ्यायला?"

"जाहिरातीत माल काय हाय, ते सांगावंच लागतं बाई," चन्नप्पा म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता. तीस वर्षांत त्याच्या मजकुराबद्दल कुणी तक्रार केली नव्हती. त्याला लाजल्यासारखं झालं.

"मग आता माझं उत्तर घ्या. तिच्या गल्लीत जाऊन सांगा, की पायल एक नंबरची..."

"थांब. आता तू सोताच सांग. बस मागं."

रागाच्या भरात सुकन्या खरंच बसली. सात मिनिटांत रिक्षा भवानी पेठेत पोचली. वाटभर ती पुटपुटत शिव्या जुळवत होती, आणि चन्नप्पाला मनातून वाटत होतं, आता ही माझा माइकच बाटवणार. पायलच्या घराखाली त्यानं बटण दाबून माइक तिच्या हातात दिला.

"पायल," सुकन्या म्हणाली. दोन्ही भोंग्यांतून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढं मोठं "पायल" निघालं, आणि सुकन्या स्वतःच दचकली. आपला आवाज एवढा मोठा तिनं कधी ऐकला नव्हता. आणि बोललेलं परत पुसता येणार नव्हतं. जुळवलेल्या शिव्या कुठल्या कुठं गेल्या. बराच वेळ नुसती खरखर. मग ती म्हणाली, "खाली ये."

पायल खाली आली. दोघी रिक्षाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मग सुकन्यानं फोन काढला, काहीतरी दाबलं, आणि पायलच्या हातातला फोन टुणकन वाजला. पायलनं उत्तर लिहिलं. इकडचा वाजला. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या त्या पोरी माना खाली घालून भराभरा अंगठे चालवत राहिल्या. मध्येच एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसरी नाक ओढत हसली.

चन्नप्पानं पाच मिनिटं वाट पाहिली. मग विचारलं, "मिटलं का?"

"चालू आहे काका," दोघी वर न बघता म्हणाल्या.

या सगळ्याचा व्हिडिओ कुणीतरी काढून ग्रुपवर टाकलाच होता. आठवड्यात चन्नप्पाच्या दारात ब्लॉक झालेल्यांची रीघ लागली. क्रिकेटच्या ग्रुपमधून काढलेला अभिमन्यू आला, आत्याशी बोलणं तुटलेली पिंकी आली. एकजण त्याला नकार दिलेल्या मुलीच्या दारात भोंगा न्यायला सांगू लागला, त्याला चन्नप्पानं चहासुद्धा विचारला नाही. बाकीच्यांना त्यानं एकच अट घातली: आधी पायानं जायचं आणि दार वाजवायचं. दार उघडलं नाही, तर परत यायचं. मग तो भोंगा घेऊन येईल.

परत फारसं कुणी आलं नाही.

"अशानं धंदा व्हतो व्हय?" शांतम्मा म्हणाली.

चन्नप्पानं रिक्षा सुरू केली. त्या दिवशी नळाला पाणी येणार नव्हतं, आणि ते अजून साऱ्या पेठेला सांगायचं होतं.