वाकडा सापडणारा काप

मी जन्माची संशयी. मिरकरवाडा बंदरावर सुरमईचे कल्ले स्वतः उचलून पाहिल्याशिवाय मी पाकिटाला हात लावत नाही. हाच स्वभाव घेऊन मी इथे रत्नागिरीत न्यूरोसायन्सच्या पदव्युत्तर मुलांना मेंदूची रचना शिकवते.

आमच्याकडे मेंदूचे आडवे काप फॉर्मॅलिनच्या ट्रेमध्ये असतात. ठेवायची शिस्त ठरलेली: वरची बाजू वर, कपाळाकडचं टोक खिडकीकडे. देहदानातून आलेले हे मेंदू, त्यांच्याशी खेळ केलेला मला खपत नाही. तर यंदा त्यातला एकच काप रोज सकाळी वाकडा सापडू लागला.

माझा संशय दाभोळच्या एका विद्यार्थिनीवर गेला. वर्गात गप्प बसायची आणि तास संपला की रेंगाळायची. एका संध्याकाळी दाराच्या काचेतून पाहिलं, तर काप तिच्या समोर आणि हातात मोबाइल. प्रयोगशाळेत मोबाइलला बंदी. ही फोटो काढून कुठे कुठे पाठवते आहे, याची मला खात्री पटली. हिला अभ्यासक्रमातून काढायला लावायचंच, असं ठरवून मी आत शिरले.

"मोबाइल इकडे दे," मी म्हणाले.

तिने दिला. पडद्यावर आमचा काप नव्हता. कुणाच्या तरी मेंदूच्या एमआरआयचा फोटो होता, कडेची डावं-उजवं सांगणारी अक्षरं कापली गेलेली.

"बाबांचा आहे, मॅडम," ती म्हणाली. "मी त्यांना म्हटलं, आता वय झालं, होडी विका. ते ताटावरून उठले. दुसऱ्या सकाळपासून बोलतच नायत. हातपाय नीट चालतात, जेवतात. डॉक्टर म्हणाले वाचा गेली. पण हे बघा, डाग उजवीकडे आहे. बोलायची जागा तर डावीकडे. रोज ताडून बघते मी. म्हणजे ते मुद्दामच बोलत नायत."

माझ्याहून संशयी कुणीतरी मला भेटलं होतं, तेही स्वतःच्या बापावर संशय घेणारं.

मी हातमोजे चढवले आणि काप उचलून पालथा केला. "आपण काप डोक्याच्या बाजूने बघतो. एमआरआय पायाच्या बाजूने बघतात, त्यात डावं उजवीकडे दिसतं. आता ताड."

तिने मोबाइल कापाशेजारी धरला. डाग मेंदूच्या डावीकडेच होता, बरोबर बोलण्याच्या जागी.

"रागावले नाहीत ते," मी म्हणाले. "बोलताच येत नाही त्यांना."

"मग मीपण बोलणं टाकलं होतं त्यांच्याशी," ती म्हणाली. "घरी गेले की ताट वाढून निघून यायचे." मग तिने विचारलं, "माझं बोललेलं कळत असेल ना त्यांना?"

"बरंचसं कळत असणार."

मला भयंकर लाज वाटली. मोबाइल तिच्या हातात ठेवून मी काप पुन्हा ट्रेमध्ये लावला. ती व्हरांड्यात गेली. घरी भावाला फोन लावून म्हणाली, "दादा, बाबांच्या कानाला लाव फोन."

पलीकडून उत्तर येणार नव्हतं, हे आता तिलाही ठाऊक होतं. मी दिवे मालवून, कुलूप लावून निघाले तरी ती बोलतच होती.