बेडकाचे पाय कशानं चिकटवावेत

करवीर नगरीतील तमाम स्त्रीपुरुषांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, माणसाला बेडकाचे पाय बसवायचे झाल्यास सुताराचा सरस कदापि वापरू नये. या महत्त्वाच्या विषयावर आजवर कोणी तोंड उघडलेले नाही, म्हणून मी उघडतो. मला हे ज्ञान एका विहिरीवर, पंचवीस-तीस माणसांदेखत प्राप्त झाले.

विहीर माझ्या मामांची. गावाला लागूनच त्यांचा मळा होता आणि उन्हाळ्यात अर्धी पेठ त्या विहिरीवर पडीक असायची. मामा म्हणजे बुडीचे बादशहा. एकदा छाती भरून घेतली की चार पुरुष खोल पाणी कापत तळाला जायचे आणि मूठभर गाळ घेऊन वर यायचे. गाळ दाखवल्याशिवाय आमच्याकडे बुडी धरतच नसत.

पन्नास सालानंतरची गोष्ट. गुऱ्हाळाच्या दिवसांत उसाच्या गाडीचं चाक त्यांच्या डाव्या पावलावरून गेलं. बोटं गेली. जखम भरली, चालणंही जमलं, पण पाण्यात तो पाय रेटा देईना. पुढच्या उन्हाळ्यात मामांनी बुडी मारली आणि निम्म्यातूनच परतले. मूठ रिकामी. कुणीही हसलं नाही, आणि तेच त्यांना लागलं. त्या दिवसापासून ते काठावर बसून दुसऱ्यांच्या पोहण्यातल्या चुका काढायचे, स्वतः पाण्याला शिवायचे नाहीत. "माणूस घरात हाय, पण घरात न्हाई," असं मामी माझ्या आईला सांगायची.

मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे सर्वज्ञ होतो. शाहूपुरीतल्या एका रद्दीच्या दुकानात परदेशी मासिक चाळताना मला एक चित्र दिसलं. एक गोरा, पायांत बेडकासारखे रुंद रबरी पंजे घालून समुद्राच्या पोटात शिरलेला. ते पान माझ्या खिशात कसं आलं ते विचारू नका.

चहाच्या खोक्याच्या पातळ फळीचे दोन पंजे मी कापले. पाऊल अडकवायला चामड्याचे पट्टे मिळवले. आता चामडं लाकडाला धरून कसं राहणार? खिळे ठोकावेत तर मामांच्याच पायात घुसणार. आमच्या गल्लीत सिनेमाच्या स्टुडिओत राजवाडे उभे करणारे एक सुतार राहायचे. त्यांनी विडी विझवली आणि निकाल दिला, "सरस. म्या सरसानं जोडल्याला राजवाडा आजवर पडल्याला न्हाई." त्यांचे राजवाडे चार दिवसांत मोडून टाकतात, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

सरस वाळल्यावर परीक्षा झाली, ती कोल्हापुरी पद्धतीनं. पंजा घेऊन मी तालमीत गेलो. एका पैलवानानं फळी धरली, दुसऱ्यानं पट्टा, आणि दोघांनी मांड्या रोवून ओढायला सुरुवात केली. शेवटी चामडंच फाटलं, एक पैलवान मातीत उताणा पडला, पण जोड हलला नाही. उताण्यानंच जाहीर केलं, "ह्याला आता हत्ती लावा!" मी धन्य झालो. मजबुती म्हणजे ओढाताण, एवढंच आम्हाला ठाऊक. पाण्याची आठवण त्या तालमीत एकालाही झाली नाही.

फाटलेला पट्टा बदलून मी विहिरीवर हजर. "मला बेडूक करतोस व्हय रं?" मामा गुरगुरले, पण त्यांची नजर त्या चित्रावरून हटेना. अखेर त्यांनी पंजे चढवले, खालच्या पायरीवर बसून बराच वेळ पाण्यात हलवून पाहिले आणि बुडी मारली. सगळे वाकून बघत राहिले. आधी दोन फळ्या वर आल्या. मग पट्टे. मग मामा.

"मामा सुटं सुटं निघालं की!" काठावरून कुणीतरी ओरडलं आणि विहीर हसण्यानं घुमली. मामा निथळत वर आले, मला म्हणाले, "झालं समाधान?" आणि घरी निघून गेले. तेवढे दोनच शब्द, पण मला दोन दिवस पुरले.

तिसऱ्या दिवशी मी फळ्या घेऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. तालमीतली ओढाताण त्याच्या कानावर आलीच होती. त्यानं फळीवरच्या, पाण्यात विरघळलेल्या सरसाचा वास घेतला.

"पावणं, ही वस्तू जाणार कुठं?"

"विहिरीत."

"मग तालमीत कशापायी न्हेलीसा?"

त्यानं लाकूड आणि चामडं दोन्ही बाजूला फेकलं, ट्रकची जुनी ट्यूब काढली आणि दोन थरांत टायरची जाड पट्टी घालून पंजे कापले. मग सोल्युशनची नळी उघडून मला धडा दिला: कानशीनं रबर खरवडायचं, पातळ हात द्यायचा, आणि थांबायचं. "बोटाला चिकटतंय तवर डकवायचं न्हाई. बोटाला चिकटंना झालं, की मग दाबायचं."

हे मला पटेना. चिकटतंय तेव्हा चिकटवायचं नाही, म्हणजे काय? त्याची पाठ वळताच मी एक पंजा ओलाच दाबला. त्यानं तो पाण्याच्या तसराळ्यात घातला. कडेनं बुडबुडे आले आणि थर केळीच्या सालीसारखा सोलून निघाला. त्यानं माझे दोन्ही हात धरून माझ्याच मांड्यांखाली घातले आणि मला स्टुलावर बसवून ठेवलं. सोल्युशन वाळेपर्यंत मी तसाच बसून होतो. चहासुद्धा त्यानंच पाजला.

तयार पंजे मी मामीकडे दिले. तिनं ते तीन दिवस घंगाळात बुडवून ठेवले. रोज सकाळी कोपरं नखानं उचकटून बघायची आणि चुलीपाशी येऊन मला हळूच सांगायची, "धरलंय."

चौथ्या दिवशी तिनंच ते मामांच्या पुढ्यात ठेवले. मामा उठले, तशी तीही मागोमाग विहिरीवर आली. एरवी ती पुरुषांच्या पोहण्याच्या वेळी कधी येत नसे.

मामा गेले. हिरवं पाणी वर मिटलं. मी पायरीच्या दगडाला घट्ट धरलं होतं. मामीनं पदराचा बोळा करून तोंडाशी धरला होता. बुडबुडे आले, थांबले. आणि मग पाण्यातून आधी एक मूठ बाहेर आली, काळ्याभोर गाळानं भरलेली.

काय आरडाओरडा झाला! मामांनी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. गाळ पायरीवर थापला, श्वास घेतला आणि परत खाली. पुन्हा मूठ, पुन्हा खाली. पाचव्या वेळेला माणसं मोजायची थांबली. मामीनं डोळे पुसले, पदर खोचला, पार कठड्याशी आली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "अवो, वर या की आता! का तितंच बिऱ्हाड करताय?"