खुर्चीच्या कडेवर

बाई खुर्चीवर कधी नीट बसल्याच नाहीत. स्टाफरूममध्ये यायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या, कडेवर टेकायच्या आणि म्हणायच्या, "मी लगेच उठणार आहे." पुढचा तास मोकळा असला तरी. असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्या शेजारी बसलं की आपणच काहीतरी विसरून आलोय असं वाटायला लागतं.

वसईच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. केळीच्या पानांवर पडणाऱ्या करपा रोगावर त्यांची पीएच.डी. चालली होती. वडिलांची केळीची वाडी घराच्या मागेच. बाकीचे लोक नमुन्यांसाठी एसटीने वणवण करत. बाई सकाळच्या चहाआधीच पानं तपासून यायच्या. काम भराभर उरकलं.

अडचण तिथेच झाली. त्यांचे विभागप्रमुख कळंबच्या किनाऱ्यावरच्या शेवाळावर बाईंच्या कितीतरी आधीपासून पीएच.डी. करत होते. मध्येच गाइड निवृत्त झाले आणि सरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. बाई त्यांच्याच विद्यार्थिनी. ते त्यांना 'पोरी' म्हणायचे आणि डबा उघडला की झाकणात भाजी घालून आधी त्यांच्यापुढे सरकवायचे.

पदवी मिळाली तेव्हा बाईंनी कॉलेजात फक्त मला सांगितलं. "सरांचं होईपर्यंत कुठे बोलू नका हं." कोणी विचारलंच तर, "टायपिंग चाललंय."

पण त्यांच्या आईला कोण थोपवणार? तिने चर्चमध्ये उपकाराची मिस्सा सांगितली. रविवारी फादरांनी वेदीवरून जाहीर केलं, "आपल्या धर्मग्रामाची लेक डॉक्टर झाली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करू या." सर मागच्याच बाकावर होते. "मान वळवायचा धीर झाला नाही हो," बाई मला म्हणाल्या.

सोमवारी स्टाफरूम तयारच होती. "पेढे कुठे?" "करपा झपाट्याने पसरतो म्हणतात, पदवीलाही लागण झाली वाटतं." बाई हसून म्हणायच्या, "अहो, छोटंसं तर काम होतं माझं." माझा संताप व्हायचा. आपल्याच मेहनतीची अशी माती कशाला करायची?

सर टोमणे मारणाऱ्यांत नव्हते. त्यांनी फक्त 'पोरी' म्हणायचं सोडलं. "डॉक्टर, प्रयोगशाळेची किल्ली द्या." एवढंच. बाईंनी वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी आणली, घरी उन्हात वाळवलेली. सर म्हणाले, "मला गोड चालत नाही, डॉक्टर." डब्याचं झाकण झाकणच राहिलं.

त्या दिवशी बाई माझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत एकच गोष्ट घोळवत होत्या. "मी थांबायला हवं होतं का? प्रबंध वर्षभर कपाटात ठेवला असता तर काय बिघडलं असतं?"

"करपा थांबला असता का तुमच्यासाठी?" मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

पुढे त्यांना दक्षिणेकडच्या एका संशोधन केंद्रात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, भाषणंही झाली. सर बोलले नाहीत. बाई पर्स घेऊन दारापर्यंत पोचल्या. सर डबा उघडत होते. मान वर न करता म्हणाले, "पोरी, जेवलीस का?"

बाई परत आल्या. पर्स टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि पाठ टेकून बसल्या. सरांनी झाकणात भाजी घातली.

खिडकीतून मला त्यांची एसटी त्यांच्याविनाच जाताना दिसली. मी खिडकी लोटून घेतली.