गोळी आणि तिचं अनुपान

आईचं हर्नियाचं ऑपरेशन अडलं होतं ते तिच्या वजनापायी. आम्ही तेव्हा अंबरनाथला राहायचो. बाबा कारखान्यात कारकून. डॉक्टर सिंधी, फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात येऊन दवाखाना थाटलेले. त्यांनी बजावलं, "पहले वजन उतारो, बाई. एवढ्या चरबीत टाके धरणार नाहीत." भात बंद, रात्रीचं जेवण बंद, आणि अशक्तपणा येऊ नये म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या.

आई बिचारी अर्ध्या भाकरीवर आली. आम्हाला पुरणपोळ्या वाढायची आणि स्वतः ताक पिऊन उठायची. पोटात इतकं दुखायचं की वाकून केर काढवत नव्हता. पण वजनाचा काटा हलेल तर शपथ! शेजारणी म्हणायच्या, "चोरून खात असेल हो." अस्सा संताप यायचा मला! त्यांच्या जिभेला काही हाड?

शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?"

बाबा ऐटीत म्हणाले, "तुपाबरोबर. दोन्ही वेळा मी स्वतः देतो. वर कपभर साईचं दूध. गोळी उष्ण, तिला अनुपान नको?"

आमच्या घरात औषध कधी कोरडं घेतलं नाही, आणि औषधाबरोबरचं खाणं हे खाण्यात धरायचंच नाही, हेही ठरलेलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अरे साहब, गोळी चरबी जाळत नाही. कमी खाल्लं की शरीर साठवलेली चरबी जाळतं. तुम्ही चुलीत रोज नवी लाकडं घालता, मग कोठीतली संपणार कशी?"

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. दवाखान्याबाहेर पडून ते रिक्षा-टांगा काही न बघता पुढे चालू लागले. मी आईवर उखडले, "तुला कळत नव्हतं का गं?"

"कळत होतं थोडं थोडं," आई म्हणाली. "पण सगळ्या संसारात ह्यांनी माझ्या हातात काही आणून दिलं ते पहिल्यांदाच. नको कसं म्हणू?"

मग मला रडूच आलं.

त्या दिवसापासून बाबा गोळी साध्या पाण्याबरोबर देऊ लागले. काटा हळूहळू खाली आला, ऑपरेशन झालं, आई घरी आली. महिन्याभरानं ती कामाला लागली आणि गोळ्या बंद झाल्या. त्या संध्याकाळी कामं उरकूनही ती स्वयंपाकघरात उगीच रेंगाळत राहिली. बाबा आले, हातात पाण्याचा पेला. गोळी नव्हती. आईनं तो घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.