बाळंतिणीची तहान

माझं पहिलं बाळंतपण सत्तरच्या दशकात नागपुरात, माहेरी झालं, आणि तेही ऐन मे महिन्यात. बाहेरच्या खोलीत वडील वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून गारव्याला बसायचे. मी आतल्या खोलीत, खिडक्या बंद, कानाला फडकं, बाजेखाली शेगडी. हेही एक वेळ सोसलं असतं, पण प्यायला पाणी नाही! बाळंतीण पाणी प्यायली की तिच्या अंगात वारं शिरतं, असं आईचं ठाम मत. ओवा घालून उकळलेलं घोटभर मिळायचं, तेही उपकार केल्यासारखं.

बाळ छातीशी ओढून बघायचं, सोडायचं आणि टाहो फोडायचं. त्याला दूधच पुरत नव्हतं. त्यावर आईचा उपाय एकच, मेथीचे लाडू. कोरड्या तोंडात तो लाडू नुसता फिरत राहायचा. वरचं दूध सुरू करायची भाषा निघाली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

बाळंतपण ज्या दाईनं केलं, तीच रोज आम्हा दोघांना अंघोळ घालायला यायची. गोंडांच्या वस्तीतली होती, आणि आई तिच्या शब्दाबाहेर नव्हती. न्हाणीत पाठ चोळून घेताना मी तिला विचारलं, "मावशी, तुमच्यातही पाणी तोडतात?"

"नाही वं. आमच्यात पातळ पेज देतो, मागितली तेवढी. नाही त दूध कुठून येईन?"

"मग आईला सांगा ना!"

"मी काहून सांगू? तुमची रीत तुमच्यापाशी. उद्या काही झालं त माह्याच नावानं बोंब."

असा संताप आला! मी तिच्या हातातला तांब्या ओढला आणि अंघोळीचं, कडुनिंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी घटाघटा प्यायले. कडूजहर होतं. ती कुणाला दिसू नये म्हणून दार अडवून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी घंगाळाशेजारी साध्या पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता. मग मी रोज पोटभर पाणी प्यायले.

दूध आलं. बाळ पिऊन गाढ झोपू लागलं आणि आई लाडवांचं कौतुक सांगत सुटली. शेजारच्या काकूंच्या सुनेचे दिवस भरत आले होते. काकू मन लावून ऐकत होत्या. त्या पोरीचंही माझ्यासारखंच होणार, हे दिसत असताना मला राहवेना.

"लाडू नाहीत, पाणी! न्हाणीत रोज पाणी पिते मी. विचार मावशींना."

आईनं दाईकडे पाहिलं. काकूंच्या सुनेचं बाळंतपणही तिच्याकडेच ठरलेलं होतं. ती बाळाच्या टाळूवर तेल जिरवत बसली होती.

"नाही वं बाई," मान वर न करता ती म्हणाली, "मी बाळंतिणीले पाणी देईन काय? गर्मीनं पोरगी कायबी बोलून राहिली."

मी ओरडले, रडलेही. बाळंतिणीनं असं डोक्यात राख घालून घेऊ नये, म्हणून आईनं मला आडवं केलं. काकूंनी मेथी किती घ्यायची ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.