शिस्तीचा शेरा

म्हापणकर मास्तर लालबागच्या आमच्या शाळेत कवायत शिकवायचे. कवायतीच्या मास्तराला कोण विचारतो? मुख्याध्यापक त्यांना शिपायासारखं राबवायचे. पण कुठलं पोरगं काय खाऊन आलंय, हे मास्तरांना त्याच्या बैठका बघून कळायचं.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणणाऱ्यांवर गोळीबार झाला, संचारबंदी लागली, गिरण्या बंद पडल्या. शाळा पुन्हा भरली तेव्हा आमच्या बापांचे खाडे पगारातून कापले गेले होते. आम्ही नुसत्या कोऱ्या चहावर शाळेत यायचो. एक दिवस चौथ्या बैठकीलाच दोघं कोसळले. मास्तरांनी कवायत बंद केली आणि सगळ्यांना सावलीत बसवलं.

त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. वर्गात चकार शब्द नाही. साहेब खूश! म्हणाले, "मुलं किती शांत आहेत!"

साहेबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभ्या असलेल्या मास्तरांना राहवलं नाही. "साहेब, शांत नाहीत, उपाशी आहेत. बेचा पाढा विचारून बघा, एकालाही आठवणार नाही."

साहेबांनी पाढा विचारला नाही. 'शिस्त आदर्श' असा शेरा लिहून ते गेले. मुख्याध्यापकांनी तो शेरा सुबक अक्षरात उतरवून, काच लावून आमच्या वर्गात टांगला. मास्तरांची बदली झाली.

पुढच्या महिन्यात घरोघरी पुन्हा भात शिजू लागला. आम्ही धावायला, भांडायला, ओरडून पाढे म्हणायला लागलो. मुख्याध्यापक छडी घेऊन आले आणि त्या काचेकडे बोट दाखवून गरजले, "तेव्हा कसे माणसांसारखे बसायचात! आता खाऊन माजलात!"